अर्थिंगचं पाणी आणि विलासची गिटार

माझा धंदा आवाज टिपण्याचा होता, पण खरं सांगायचं तर त्यातला निम्मा वेळ आवाज काढून टाकण्यात गेला. गारखेड्यात घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी स्टुडिओ चालवला. सुरुवातीला भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. पुढं बरं सामान आलं, मधे काच आली, एसी आला. भजनी मंडळं यायची, भीमगीतांचे गायक यायचे, शाळांची स्वागतगीतं व्हायची आणि निवडणुका आल्या की उमेदवार यायचे. एका उमेदवारानं प्रचाराचं गाणं स्वतःच गाणार म्हणून हट्ट धरला. आवाज असा, की कुकरच्या शिट्टीनं लाजावं. ते गाऊन गेल्यावर मी कोरस इतका वर घेतला की साहेब फक्त शेवटच्या घोषणेत ऐकू यायचे. साहेब खूश झाले आणि निवडूनही आले. त्यात माझा वाटा किती, हे मला कुणी विचारलं नाही.

तर आमचं काम हे असं. गाणाऱ्याचा खोकला काढायचा, खुर्चीची करकर काढायची, बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न काढायचा, दोन ओळींमधला घशाचा घरघराट काढायचा. आपल्या हातून गेलेलं गाणं लखलखीत असलं पाहिजे, ही माझी खोड. त्यापायी मी गिऱ्हाइकांना रडवलंय. आमची बायको सुनंदा म्हणायची, "तुमच्या तावडीतून सुटलेलं गाणं दवाखान्यातून आल्यासारखं वाटतं." ती गमतीनं म्हणायची आणि मी रागानं ऐकायचो.

दिवाळी अंकात लिहायचं म्हटल्यावर मोठमोठ्या कलावंतांचे किस्से आठवायला हवेत. आमच्याकडं मोठं कुणी फिरकलंच नाही. एक विलास पगारे आला, आणि तो मोठा होता हे कळायला मलाच फार वेळ लागला.

विलास आमच्याच शहरातल्या मुकुंदवाडीचा. वडील रेल्वेत होते, पाठीवर एक बहीण. पोरगा इंजिनिअर व्हावा म्हणून त्यांनी त्याला पुण्याला पाठवला, आणि हा तिथं गिटार घेऊन बसला. मित्रांनी मिळून बँड काढला. अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात त्याला. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण विलासनंच एकदा सोपं करून सांगितलं. रॉकच, पण खपणाऱ्या रॉककडं पाठ करून बसलेलं. त्यात गिटारवाल्यानं गुडघ्यावर बसून वेगाच्या कसरती करायच्या नसतात. गाण्यात कुठंतरी एक वाकडा सूर असा ठेवायचा, की ऐकणाऱ्याला तो दिवसभर टोचत राहावा. असे वाकडे सूर ठेवण्यात विलासचा हातखंडा होता. कॉलेजच्या पोरांत बँडचं नाव झालं, पण पोस्टरवर चेहरा गाणाऱ्याचा. विलास स्टेजच्या कडेला, अर्धी पाठ लोकांकडं करून उभा राहायचा. बँड बरीच वर्षं चालला आणि मग असे बँड मोडतात तसा मोडला. आईला बघायला म्हणून विलास परत आला तेव्हा केस पांढरे झाले होते. मुकुंदवाडीत तो पोरांना गिटार शिकवायला लागला.

माझ्याकडं तो आला ते दुष्काळाचं साल होतं. शहराला पाणी देणाऱ्या हर्सूलच्या तलावात भेगा पडल्या होत्या, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि त्याच वेळी गारखेड्यात जिकडंतिकडं बिल्डिंगा उठत होत्या. प्रत्येक नव्या बिल्डिंगचं पहिलं काम म्हणजे बोअर. यंत्र सुरू झालं की आमच्या काचेपर्यंत जमीन थरथरायची. मी ड्रिलवाल्याला चहा पाजून विचारायचो, बाबा, तुझ्या जेवणाच्या सुट्टीचा वेळ कोणता, म्हणजे आम्ही तेव्हा गाणं करू. भजनी मंडळाच्या बायकांनी एकदा सबंध अभंग त्याच्या डबा खाण्याच्या वेळात उरकला होता.

विलास दारात उभा राहिला. हातात पत्र्याची पेटी आणि तीत गिटार. म्हणाला, "साहेब, मला एकट्याचं वाजवायचंय."

"गायला कोण आहे?"

"कोणी नाय."

"तबला? ड्रम?"

"कोणीच नाय म्हणलं ना. लई वर्षं गर्दीत वाजवलं."

मला वाटलं, एकट्या गिटारीचं काम म्हणजे निवांत. एक माईक, एक वायर, दोन दुपारी आणि सुट्टी. पण विलासची गिटार जुन्या पद्धतीची होती. इलेक्ट्रिक गिटारीत तारांखाली चुंबकाचा तुकडा असतो, तो तारेची थरथर विजेत बदलतो. जुन्या प्रकारचा चुंबक मात्र भोळा. तो तारेचं ऐकतो आणि भिंतीतल्या विजेचंही ऐकतो. त्यामुळं मागं एक खर्जातला घूंऽऽ आवाज येतो. आम्ही त्याला हमिंग म्हणतो, आणि साउंडवाल्याला हमिंग म्हणजे स्वयंपाकिणीला खड्याचा तांदूळ.

अर्थिंग चांगलं असलं की हमिंग बरंच दबतं. अर्थिंग म्हणजे घराबाहेरच्या खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं आणि जादाची वीज जमिनीत सोडून द्यायची. पण जमीन ओली पाहिजे. कोरडी जमीन वीज घेत नाही. दुष्काळात माझा खड्डा खडखडीत वाळला होता, म्हणून मी त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचो. सुनंदा बाथरूममध्ये ड्रम भरून ठेवायची आणि मी त्यातली बादली गुपचूप उचलायचो. तिला ते कळत होतं, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी विलास लवकर आला, आणि मी खड्ड्यावर बादली उपडी करत असताना त्यानं पाहिलं.

"हे काय करायलास?" आम्ही तोवर अरे-तुरेवर आलो होतो.

"अर्थिंगला पाणी. तुझ्या गिटारीत हमिंग येतंय."

तो म्हणाला, "तिकडं आमच्या गल्लीत टँकर आला की बाया घागरी घिऊन एकमेकीच्या झिंज्या धरायल्यात. अन् तू माझ्यासाठी जमिनीत पाणी वतायलास व्हय?"

"अरे, एक बादली."

"अर्धी बी नगं. पाणी वतणार असशील तर मी वाजवत नाय."

मागच्या दारात सुनंदा येऊन उभी होती. माझ्याकडं न बघताच ती विलासला म्हणाली, "बसा भावजी, चहा टाकते." त्या दिवसापासून ड्रमला झाकण आणि झाकणावर वरवंटा आला.

मी वैतागून काचेमागं बसलो. विलासनं हेडफोन लावला, गिटार मांडीवर घेतली आणि हात तारांपासून बाजूला धरून बसला. बराच वेळ. मला वाटलं, रुसला. माझ्या मीटरवर फक्त हमिंगचा काटा हलत होता. मग त्यानं तारांच्या खुंट्या पिळायला सुरुवात केली. एकेक तार खाली, मग वर, मग पुन्हा किंचित खाली. मला कळेना हा कुठल्या पट्टीत लावतोय. मी बाजाची पेटी काढून बघितलं तर सूर पेटीत बसेचना. पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या बराच खाली, मधल्या फटीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो हमिंगला गिटार लावत होता. भिंतीतली वीज सारखी एकाच वेगानं थरथरते, त्यामुळं तिचा सूर ठरलेला असतो. हा त्या सुराशी तारा जुळवत होता.

काचेपलीकडून तो माझ्याकडं बघून हसला. "लई गुणी तंबोरा हाय रे तुझ्याकडं. बिदागी नाय, चहा नाय, अन् सूर सोडत नाय."

त्या उन्हाळ्यात त्यानं जे वाजवलं त्याबद्दल लिहायला माझ्याकडं शब्द कमी आहेत, पण सांगतो. मी गिटारवाले पुष्कळ बघितले होते. पोरं यायची, दहा बोटांनी पावसासारखी वाजवायची आणि मान वर करून माझ्याकडं बघायची. विलासला वेग नव्हताच. तो एक सूर छेडायचा आणि तो विझेपर्यंत ऐकत बसायचा. मग दुसरा. सुरुवातीला मी घड्याळाकडं बघायचो. पण त्याच्या गिटारीची एक गंमत होती. हात धातूच्या तारांना टेकले की अंगातून विजेला वाट मिळते आणि हमिंग दबतं. हात उचलले की ते पुन्हा वर येतं. म्हणजे तो वाजवायचा तेव्हा मागचा तंबोरा अदबीनं खाली बसायचा, आणि तो थांबला की उठून उभा राहायचा. विलासनं हे ओळखलं होतं. तो किती वेळ हात उचलून ठेवायचे हे मोजूनमापून ठरवायचा. त्याच्या थांबण्यालाही आवाज होता.

एक तुकडा त्यानं हर्सूलच्या कोरड्या तलावावर केला होता. नाव फक्त 'हर्सूल'. त्यात तो तांब्याच्या नळीचा तुकडा बोटात घालून तारेवरून घसरत जायचा, फार सावकाश, आणि प्रत्येक वेळी पोचायच्या सुराच्या अलीकडं थांबायचा. ऐकताना माझ्या घशाला कोरड पडायची. तो शेवटी त्या सुरावर पोचायचा तेव्हा हात उचलून घ्यायचा, आणि तोच सूर भिंतीतून यायचा. तो तुकडा मी काचेमागं बसून इतक्या वेळा ऐकला की कुठं श्वास घेतो, कुठं खांदा पाडतो, कुठल्या बोटाला किंचित उशीर होतो, सगळं पाठ झालं. बँडमध्ये इतकी वर्षं हा माणूस गाणाऱ्याच्या मागं काय काय दाबून उभा होता, असं मला वाटायचं. मला त्याचा हेवाही वाटायचा.

मुंबईच्या एका कंपनीनं त्याचा अल्बम काढायचं कबूल केलं. तिथं त्याच्या बँडचे जुने चाहते होते. विलास पगारे, एकट्याचं नाव, कव्हरवर. त्यानं आईला ते सांगितलं त्या दिवशी म्हातारीनं सुनंदाला फोन करून पुन्हा विचारलं, खरं हाय का म्हणून.

मग कंपनीच्या एका तंत्रज्ञानं आमचं काम साफ करून पाठवलं. विलास स्टुडिओत आला, आम्ही दोघांनी ऐकलं. मागचं घूं पूर्ण गेलं होतं, आणि त्याबरोबर गिटारीतलं हाडही गेलं होतं. हमिंग काढायचं म्हणजे त्याचा सूर आणि त्याचे वरचे सगळे भाऊबंद छाटायचे. एरवी चालतं. पण विलासच्या मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजवायच्या तारा त्याच सुरांना लावलेल्या. यंत्रानं तंबोरा म्हणून त्याही कापल्या. हे त्या तंत्रज्ञाला माहीत असायचं कारण नव्हतं. असल्या सुराला कोणी शहाणा माणूस गिटार लावतच नाही.

विलासनं शांतपणे विचारलं, "माझ्या मोकळ्या तारा कुठं गेल्या?"

मी मुंबईला फोन लावला, समजावलं. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "सर, हमिंग के साथ तो कोई रिलीज नहीं करेगा. लोग समझेंगे रेकॉर्डिंग खराब है." त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. विलासनं फोनवरचं ऐकलं आणि म्हणाला, "नगं मग."

मी भडकलो. "नगं म्हणजे? साठीला टेकलास. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर वाजवलंस. एकदा तुझं नाव येतंय तर येऊ दे की! ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

"मला कळायलंय ना."

"मग बस मुकुंदवाडीत पोरांना सा रे ग म शिकवत."

"बसतो," तो म्हणाला. पेटी उचलली आणि गेला. काही दिवसांनी तो पुन्हा यायला लागला, चहा प्यायचा, आईच्या दुखण्याचं सांगायचा, पण गिटार आणायचा नाही. मी विषय काढला की तो टँकरचं बोलायचा.

पुढं पाऊस झाला. चांगला झाला, दोन-तीन वर्षं झाला. शहर आणखी पसरलं, शहराचं नाव बदललं, आमच्या समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सहा मजले चढले. लोक मोबाइलवर गाणी करायला लागले आणि माझ्या स्टुडिओत मुलानं क्लास काढला. माझी अर्थिंगची पट्टी आता आयती ओल्या मातीत आहे आणि तिला काही काम नाही. अशात विलासच्या जुन्या विद्यार्थ्यांनी, तेही आता बायकापोरांचे झालेले, एक कार्यक्रम ठरवला. बायपासकडं नवीन सभागृह झालं होतं, तिथं. संध्याकाळी, एकट्या विलासचा. तो हो म्हणाला याचंच मला नवल वाटलं. साउंडला मीच पाहिजे म्हणाला.

दुपार कलताना आम्ही सामान लावलं. सभागृह झकास होतं. वायरिंग नवं, अर्थिंग इलेक्ट्रिकच्या कंपनीनं केलेलं, ठणठणीत. विलासनं वायर जोडली, मी आवाज वर घेतला. काहीच नाही. आवाज आणखी वर घेतला. स्वच्छ. साउंडवाल्यानं पेढे वाटावेत इतकं स्वच्छ. विलासनं अंदाजानं तारा लावल्या, त्या जुन्या फटीतल्या सुराला, आणि 'हर्सूल' सुरू केलं. नळी घसरत गेली, सुराच्या अलीकडं थांबली, मग पोचली. त्यानं हात उचलले. पलीकडून कुणी उत्तर दिलं नाही.

त्यानं दोनदा करून बघितलं. मग गिटार स्टँडवर ठेवून माझ्याजवळ आला. "शरद, मला जमणार नाय. पोरायला सांग."

"लोक यायला लागलेत. तुझी बहीण पहिल्या रांगेत बसलीय."

"म्हणूनच. अर्धं ऐकवून काय करू? हे दोघायचं वाजवणं होतं. दुसरा आलाच नाय." तो जायला वळला. "आज गेलो ना, तर परत मला कोणी बोलवणार नाय. ठावं हाय मला. तरी नाय."

लॅपटॉपवरून तसा सूर सोडता आला असता, मी तसं म्हणालोही. तो म्हणाला, "त्यो ऐकतो का माझं?" बरोबर होतं. लॅपटॉपचा सूर सरळ मेलेला असतो. हात टेकले म्हणून तो दबत नाही.

मला काय सुचलं ते साउंडच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला सुचलं असतं. वायर चालू आहे की नाही हे बघायला आम्ही तिच्या मोकळ्या टोकाला, पिनेला, अंगठा लावतो. शॉक बिक बसत नाही. माणसाचं अंग भोवतालची वीज थोडीफार झेलत असतं, ती स्पीकरमध्ये ऐकू येते. घूंऽऽ. अगदी तोच सूर. हलका लावला तर हलकं, दाबला तर मोठं. मी एक मोकळी वायर मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला जोडली, आवाज बेतानं ठेवला आणि पिनेला अंगठा लावला.

विलास वळला. जाऊन गिटार घेतली, एक तार छेडली, खुंटी केसभर पिळली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुला कुठं उचलायचं, कुठं दाबायचं ठाऊक हाय का?"

"तुझ्या आधीपासून," मी म्हणालो.

अशा तऱ्हेनं, आयुष्यभर काचेमागं बसलेला मी संध्याकाळी स्टेजवर खुर्ची टाकून बसलो, एका हातात फक्त वायरचं टोक, दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्या पिनेवर. लोकांना काय वाटलं असेल देव जाणे. कुणीतरी हसलं. ती सुनंदा होती. मिक्सरवर विलासचा एक विद्यार्थी बसला होता आणि मी त्याला दम दिला होता की काहीही साफ करायचं नाही.

विलास वाजवायला लागला. मी लोकांकडं पाहिलंच नाही, त्याच्या हातांकडं पाहत होतो. तारेवर हात टेकला की माझा अंगठा सुटायचा, हात उठला की दाबायचा. खांदा पडला की आता मोठी जागा येणार, हे मला माहीत होतं. घामानं पिन घसरत होती. एक-दोन ठिकाणी चुकलो, आणि तो चुकीच्या जागी माझ्यासाठी थांबला, एखाद्या जुन्या जोडीदारासाठी थांबावं तसा. मला आनंदानं रडू येत होतं, आणि डोळे पुसायला हात मोकळा ठेवण्याची अक्कल मला आधी सुचली नव्हती.

शेवटी 'हर्सूल' आलं. नळी सावकाश वर गेली, अलीकडं थांबली, खूप वेळ थांबली, मग पोचली. विलासनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. सूर आता फक्त माझ्याकडं होता. लोकांना कळत होतं की संपलंय, पण मी अंगठा काढेपर्यंत टाळी वाजणार नव्हती. मी आजवर किती गाण्यांचे शेवट केले असतील, बटण खाली ओढलं की झालं. हा मला करवेना. पहिल्या रांगेत त्याची बहीण पदर तोंडाला लावून बसली होती. मी विलासकडं पाहिलं, आता काढू का म्हणून.

त्यानं मान हलवली. "असू दे," तो हळूच म्हणाला. "घाई नाय."

मी अंगठा तसाच दाबून धरला, आणि सभागृहात कुणी हललं नाही.